पेपर अवघड होता, पण किती?

परीक्षा संपते, हॉलची दारं उघडतात आणि फाटकाशी ताटकळलेले आईबाप एकच विचारतात, "कसा होता पेपर?" कुणी म्हणतं अवघड, कुणी म्हणतं मागच्या वर्षीपेक्षा सोपा. संध्याकाळी क्लासवाल्यांचे व्हिडिओ येतात, रात्री कट-ऑफचे अंदाज येतात. या सगळ्या धामधुमीत एक साधा प्रश्न कुणीच विचारत नाही. पेपर अवघड होता, हे कळलं कशावरून?

मुलांना जमला नाही, यावरून? पण मग यंदाची मुलंच कच्ची असतील तर? आणि मुलं कच्ची आहेत हे तरी कशावरून? तर त्यांना पेपर जमला नाही, यावरून! म्हणजे तागडीच्या एका पारड्यात तांदूळ आणि दुसऱ्यात आकडा पुसलेलं वजन. तांदळावरून वजन ठरवायचं आणि वजनावरून तांदूळ. अशी तागडी घेऊन बसलेल्या वाण्याकडे आपण दुसऱ्यांदा जाणार नाही. पण परीक्षा नेमकी अशीच तागडी असते, आणि तिच्यावर लाखो मुलांची आयुष्यं तोलली जातात.

या कोड्यातून वाट काढणारी एक परीक्षा आहे आणि तिची युक्ती कळली की माणूस थक्क होतो. अमेरिकेत वकिलीच्या शिक्षणाला प्रवेश देणारी एलसॅट.

हिची सुरुवात एका पत्राने झाली. १९४५ साली कोलंबिया विद्यापीठाच्या विधि महाविद्यालयातले प्रवेशाधिकारी फ्रँक बोल्स यांनी कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेला लिहिलं की पहिल्या वर्षी कोण तग धरेल याचा अंदाज देणारी एखादी परीक्षा आम्हाला हवी आहे. हार्वर्ड आणि येलही सामील झाले, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला पहिली एलसॅट झाली. कायद्याचं एक कलमही तिच्यात विचारत नाहीत, तेव्हाही विचारत नव्हते आणि आजही नाहीत. उतारा वाचा, युक्तिवादातली फट शोधा, एवढंच.

गुणांची मोजपट्टी मात्र दोनदा बदलली. आधी २०० ते ८००, मग ऐंशीच्या दशकात १० ते ४८, आणि जून १९९१ पासून १२० ते १८०. पट्टी १२० पासून का सुरू होते, असं वाटलं ना? तुम्ही पेपरवर एकही उत्तर दिलं नाहीत तरी तुम्हाला १२० मिळतात! आणि वरच्या टोकाला, कित्येक पेपरांत एखाददुसरा प्रश्न चुकूनही पूर्ण १८० मिळाले आहेत. हे बरोबर उत्तरांचे गुण नाहीतच, हे एवढ्यावरूनच ध्यानात यावं. बरोबर उत्तरं मोजली जातात, पण ती एका तक्त्यातून जातात आणि पलीकडे हा तीन अंकी आकडा बाहेर पडतो.

आता हा तक्ता पाहा. पेपरात साधारण शंभर प्रश्न असायचे त्या काळात १७० मिळवायला कधी दहा चुका चालायच्या, कधी तेरा. दहा चुकांवाला पेपर सोपा, तेरा चुकांवाला अवघड. अवघड पेपर आला त्या मुलाला तीन चुकांची सूट. वाजवी आहे. पण थांबा, पेपर अवघड होता हे ठरवलं कुणी? परीक्षा झाल्यावर मुलांचे गुण घसरलेले पाहून?

नाही. परीक्षा होण्याच्या आधी!

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा छापखान्याची चूक वाटली. मुलं अजून घरी रिव्हिजन करताहेत, पेपर कुणी पाहिलेला नाही, आणि तो किती अवघड आहे हे दशांशात ठाऊक आहे? हो, ठाऊक आहे. कारण तो पेपर आधीच सोडवून झालेला असतो. कोणी सोडवला? आधीच्या परीक्षांना बसलेल्या मुलांनी. त्यांना पत्ता न लागू देता.

एलसॅटमध्ये एक विभाग असा असतो की ज्याचे गुण धरलेच जात नाहीत. आजच्या परीक्षेत चार विभाग, त्यातले तीन मोजायचे आणि एक नुसता पारखायचा. कोणता, ते परीक्षार्थीला सांगत नाहीत. त्यामुळे तो बिचारा चारही जीव तोडून सोडवतो. त्या चौथ्या विभागात भविष्यातल्या पेपरांचे प्रश्न पेरलेले असतात. त्याच मुलांनी बाकीच्या तीन विभागांत काय केलं हे समोर असतंच, आणि त्या तीन विभागांचं वजन आधीच पक्कं झालेलं असतं. म्हणजे तागडीत आता एक वजन आकड्यासकट आहे! त्याने मुलाला तोला, मग त्या मुलाने नवा प्रश्न तोला. तो प्रश्न पुढे खऱ्या पेपरात गेला की त्याने पुढच्या मुलाला तोला, आणि त्या मुलाच्या चौथ्या विभागात आणखी नवे प्रश्न. ही साखळी पट्टी न बदलता १९९१ पासून चालत आली आहे. आज परीक्षेला बसलेली मुलगी आणि तिच्या जन्माआधी बसलेला माणूस एकाच पट्टीवर मोजता यावेत म्हणून, मध्ये किती अनोळखी मुलांनी फुकट हमाली केली असेल!

बरं, प्रश्न तोलायचा म्हणजे नेमकं काय करायचं? 'शंभरातल्या चाळीस जणांना आला' एवढं लिहून भागत नाही, कारण ते शंभर जण कोण हा प्रश्न उरतोच. इथे गणितज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर एक सुंदर कल्पना लढवली. डेन्मार्कचे गेओर्ग राश, अमेरिकेचे फ्रेडरिक लॉर्ड आणि ॲलन बर्नबॉम ही त्यातली मोठी नावं. प्रत्येक प्रश्नाची त्यांनी एक वक्ररेषा काढली. आडव्या अक्षावर परीक्षार्थीची कुवत, उभ्या अक्षावर तो प्रश्न बरोबर येण्याची शक्यता. कुवत वाढत जाते तशी रेषा एका जागी वळण घेऊन वर चढते.

त्या रेषेतून प्रश्नाचे तीन आकडे निघतात. रेषा कुठे चढते, ती त्याची काठिण्यपातळी. किती उभी चढते, ती त्याची धार. धारदार प्रश्न एका ठराविक कुवतीच्या अलीकडच्यांना पाडतो आणि पलीकडच्यांना सोडतो. बोथट प्रश्न सगळ्यांनाच थोडाथोडा येतो, म्हणजे कुणाबद्दल काहीच सांगत नाही. आणि तिसरा आकडा म्हणजे रेषेचा तळ. काहीही येत नसलेल्याला नुसत्या नशिबाने प्रश्न सुटण्याची शक्यता.

हा तळ मोठा गमतीचा. पाच पर्याय असतील तर तो वीस टक्के असायला हवा, नाही का? पण कित्येकदा तो त्याहून खाली असतो! डोळे मिटून ठोकणाऱ्यापेक्षा अर्धवट समजलेल्याची कामगिरी वाईट. कारण एक चुकीचा पर्याय इतका देखणा लिहिलेला असतो की अर्धवट वाचणारे सगळे त्याच्याकडे ओढले जातात. ही करामत चांगल्या प्रश्नकर्त्याची. बरोबर उत्तर लिहायला अक्कल लागते, पण खोटं उत्तर खऱ्यासारखं लिहायला कितीतरी जास्त लागते.

कधी कधी रेषा उलटीही जाते. हुशार मुलं चुकतात आणि कच्ची मुलं बरोबर उत्तर देतात. अशा प्रश्नात नक्की काहीतरी बिघडलेलं असतं. बहुधा अर्थाची अशी एक छटा राहून गेलेली असते जी फक्त बारकाईने वाचणाऱ्यालाच दिसते, आणि ती त्याला भलत्या पर्यायाकडे नेते. चौथ्या विभागात हे उघडं पडतं आणि प्रश्न केराच्या टोपलीत जातो. कुणाचाही गुण न बुडवता.

आता परीक्षार्थींमधली एक लाडकी समजूत तपासून पाहू. अमक्या महिन्यात हुशार मुलं कमी बसतात, तेव्हा बसलं की 'कर्व्ह', म्हणजे गुणांचा तक्ता, फायद्याचा पडतो म्हणे. आता तुम्हीच सांगा, तक्ता आधीच ठरलेला असेल तर शेजारच्या बाकावर कोण बसलंय याने काय फरक पडतो? काहीही नाही. तुमच्या वर्गात त्या दिवशी नुसते विद्वान भरले तरी तुमचा १६५ हा १६५ च.

एवढी कारागिरी करूनही परीक्षा घेणारे आपल्याच आकड्यावर किती विश्वास ठेवतात? इथे त्यांचा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. गुणांबरोबर ते एक पट्टाही देतात, दोन्ही बाजूंना साधारण तीन गुणांचा. तुम्हाला १६८ मिळाले तर तुमची खरी कुवत १६५ ते १७१ च्या दरम्यान कुठेतरी आहे, तीही बहुधा, खात्रीने नाही. उद्या पुन्हा बसलात तर १७० मिळतील, परवा १६६. मात्र महाविद्यालयं हा पट्टा बघून न बघितल्यासारखं करतात, आणि शिष्यवृत्तीच्या हजारो डॉलरांचा फैसला कित्येकदा त्या एकदोन गुणांवर होतो. मोजणारा सांगतोय की माझा हात एवढा हलतो, आणि वापरणारा केसाची जाडी मोजतोय.

पट्टी घट्ट रोवलेली असल्याचा आणखी एक फायदा म्हणजे माणसं सरकली की दिसतं. मागच्या दशकात १७० मिळवणारा ९७-९८ पर्सेंटाइलला असायचा. २०२० नंतर तो ९५ च्या आसपास उतरला. पेपर सोपे झाले? नाही, तेच तर त्या साखळीने बाद केलंय. मग मुलंच वर सरकली. का, याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. करोनाच्या काळात परीक्षा घरून आणि आखूड झाली, सरावाचे जुने पेपर सहज हाताशी आले, पुन्हा पुन्हा बसणारे वाढले. माझा कल सरावाकडे आहे, कारण या परीक्षेत 'लॉजिक गेम्स' नावाचा एक विभाग होता आणि तो सरावाने हमखास सुधारायचा.

सहा पाहुणे, सहा खुर्च्या, मीना रमेशशेजारी बसणार नाही, सुरेश टोकाला नको, तर मधे कोण? असली कोडी. कागदावर आकृती काढली की पटापट सुटायची. पण ज्याला दिसत नाही त्याने आकृती काढायची कशी? एका दृष्टिहीन उमेदवाराने नेमकं हेच न्यायालयात विचारलं. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून हा विभाग गेला. त्याच्या जागी युक्तिवादांचा आणखी एक विभाग आला. जुन्या परीक्षांच्या ढिगावर आधी गणित करून पाहिलं होतं, की गेम्स काढून टाकले असते तर गुण किती बदलले असते? एकंदर चित्रात जवळजवळ नाहीच. चाळीसेक वर्षं मुलांना घाम फोडणारा विभाग, आणि तो नसता तरी निकाल तोच! हसावं की रडावं?

आता भारतात येऊ. इथली वकिलीची प्रवेश परीक्षा क्लॅट म्हणजे एलसॅटच्या बरोबर उलट टोक. वेगवेगळ्या राष्ट्रीय विधि विद्यापीठांच्या वेगवेगळ्या परीक्षा देत मुलं देशभर फिरत होती. त्यावर सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि २००८ साली सात विद्यापीठांची पहिली सामाईक परीक्षा झाली. आज मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधि विद्यापीठांचे प्रवेशही तिच्यातूनच होतात. वर्षातून एक दिवस, एक पेपर, दोन तास. प्रश्न कोरे करकरीत, आधी कुणावरही न पारखलेले. परीक्षा हीच त्यांची पहिली आणि शेवटची चाचणी.

म्हणून क्लॅटचे गुण एका वर्षातून दुसऱ्यात नेता येत नाहीत. आधी २०० प्रश्न होते. २०२० पासून १५० झाले आणि सगळे उताऱ्यांवर आले. डिसेंबर २०२३ च्या परीक्षेपासून १२०. २०२२ साली तर जूनमध्ये एक आणि डिसेंबरमध्ये पुढच्या वर्षासाठी एक, अशा दोन क्लॅट झाल्या, आणि त्या दोन पेपरांतले शंभर गुणही एकमेकांशी बोलू शकत नाहीत. 'गेल्या वर्षी ऐंशीला अमुक कॉलेज मिळालं' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, पण त्यातल्या ऐंशीला पाठीमागे काहीच आधार नसतो. आधार फक्त रँकला. सगळ्यांनी एकच पेपर दिला, तो कितीही वाकडा असला तरी सगळ्यांना सारखाच वाकडा. क्लॅट आपल्या तागडीवर किलो मोजतच नाही, फक्त कोण जड ते बघते. रांग लावायची असेल तर तेवढं पुरतं.

पुरतं का? रांगेच्या गणितात उतरलं की भलतीच मौज दिसते. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो, म्हणून मुलं घाबरून प्रश्न सोडून देतात. जरा हिशेब करू. चार पर्याय, डोळे मिटून ठोकलं. चारदा ठोकलं की सरासरी एकदा बरोबर, अधिक एक. तीनदा चूक, वजा पाऊण. शिल्लक पाव गुण, फायद्यात! डोळे मिटून १२० च्या १२० प्रश्न ठोकणाऱ्याला सरासरी साडेसात गुण मिळतील. पाव गुणाचा दंड पाच पर्यायांच्या परीक्षेत बरोबर बसतो, अमेरिकेतल्या जुन्या सॅटमध्ये तसाच होता आणि तिथे ठोकण्याची कमाई नेमकी शून्य यायची. चार पर्यायांना दंड एक तृतीयांश हवा. एक पर्याय नक्की चूक आहे एवढं जरी कळलं, तरी क्लॅटमध्ये ठोकण्याची सरासरी कमाई प्रत्येक प्रश्नामागे एक षष्ठांश गुण. भित्र्या मुलाचे गुण त्याला कायदा येत नाही म्हणून नाही, तर तो भित्रा आहे म्हणून कमी होतात. वकिलीला ही पारख योग्यच आहे, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

या पाव गुणाच्या पायऱ्यांमुळे दुसरी गंमत होते. उणे तीसपासून एकशेवीसपर्यंत सगळ्या मिळून साधारण सहाशे पायऱ्या, आणि त्यांवर उभी राहायला हजारो हजार मुलं. मधल्या गर्दीच्या पट्ट्यात एकेका पायरीवर किती जण दाटीवाटीने उभे असतील! मग रँक कसा द्यायचा? आधी कायदेविषयक तर्काच्या विभागात ज्याला जास्त, तो पुढे. तिथेही बरोबरी झाली तर वयाने मोठा, तो पुढे. वाढदिवसही एकच निघाला तर? संगणकावर चिठ्ठ्या टाकतात. देशातल्या सर्वांत चुरशीच्या परीक्षांपैकी एकीच्या नियमावलीत लॉटरीची तरतूद आहे, आणि तीही योग्यच आहे, कारण तिथून पुढे मोजायला काही उरतच नाही.

एकाच दिवशी, एकाच सत्रात घेतल्यामुळे क्लॅट निदान एका दुखण्यातून सुटते. आपल्या एमएचटी-सीईटीसारख्या परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होतात आणि प्रत्येक सत्राचा पेपर निराळा. तिथे सकाळच्या मुलाचे गुण आणि दुपारच्या मुलीचे गुण जुळवायला पर्सेंटाइल वापरतात. आपापल्या सत्रात तुम्ही किती जणांच्या पुढे, तेवढंच पाहायचं. यात एक गृहीत दडलेलं आहे, की प्रत्येक सत्रात हुशारीचं मिश्रण सारखंच आहे. मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी सत्रांत वाटली गेली आणि सत्रं मोठी असली तर ते बऱ्यापैकी खरं ठरतं. सत्र छोटं असेल तर डळमळतं. गुणांवरून पालक दरवर्षी जो गलका करतात, त्यातला बराचसा या एका गृहीताभोवतीचा असतो, फक्त त्यांना ते कुणी सांगितलेलं नसतं.

आणि कोऱ्या प्रश्नांची किंमत? ती १ डिसेंबर २०२४ च्या क्लॅटने दाखवली. ॲन्सर कीमधली काही उत्तरं चुकली आहेत म्हणून सतरा वर्षांचा एक उमेदवार दिल्ली उच्च न्यायालयात गेला. २० डिसेंबरला न्यायालयाने दोन प्रश्नांतली चूक उघड उघड आहे असं मान्य केलं. मग आणखी राज्यांतल्या याचिका एकत्र आल्या, एप्रिल २०२५ मध्ये खंडपीठाचा निकाल, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालय. न्यायमूर्ती उतारे वाचून पर्याय अ की क, यावर युक्तिवाद ऐकत होते. ज्यांना अजून वकिलीच्या पहिल्या वर्षात प्रवेश मिळालेला नाही, त्यांनी वकिलीच्या प्रवेश परीक्षेवर खटला लढवला आणि त्यातला काही भाग जिंकला!

एका चुकीच्या उत्तराचं एवढं काय, असं वाटेल. ज्याने खरं उत्तर लिहिलं त्याचा एक गुण गेला आणि वर पाव गुण दंड, म्हणजे सव्वा गुण, म्हणजे पाच पायऱ्या. आणि पायऱ्यांवरची गर्दी तर आपण मघाशी पाहिलीच. एलसॅटच्या चौथ्या विभागात असा प्रश्न आला असता तर हुशार मुलं भलतीकडे जाताना दिसली असती, रेषा उलटी पडली असती आणि तो गुपचूप बाद झाला असता.

मग आपणही चौथा विभाग ठेवावा का? एलसॅट वर्षातून अनेकदा होते, म्हणून तिच्याकडे पेरायला शेतं पुष्कळ आहेत. क्लॅटकडे वर्षातून एकच दिवस. शिवाय पेरलेला प्रश्न पुढल्या वर्षापर्यंत गुप्त राहायला हवा, आणि आपल्याकडे परीक्षा सुटल्यावर तासाभरात मुलांच्या आठवणीतून अख्खा पेपर पुन्हा उभा करणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. त्यात क्लॅटचा पेपर कागदावर असतो आणि प्रश्नपत्रिका मुलं घरी नेतात. ती घरी नेता येते म्हणूनच त्या सतरा वर्षांच्या मुलाला ॲन्सर कीतली चूक पकडता आली, हेही खरं. प्रश्न झाकून ठेवले तर ते आधी पारखता येतात, उघडे ठेवले तर नंतर तपासता येतात. न्यूयॉर्क राज्याने १९७९ साली कायदा करून परीक्षांचे प्रश्न मुलांना पाहू देण्याची सक्ती केली, तेव्हा अमेरिकेत नेमका याच मुद्द्यावर रण पेटलं होतं. त्यानंतर एलसॅटने काही पेपर उघड करायचे आणि काही झाकून ठेवायचे असा मधला मार्ग धरला. वर्षातून एकच पेपर घेणाऱ्या परीक्षेला मात्र निम्मा पेपर झाकता येत नाही.